ठेवणे सोपे, उचलणे अवघड : आपोआप रेकॉर्ड बदलणारी यंत्रे

लाखेच्या जुन्या रेकॉर्डची एक बाजू संपायला फार वेळ लागत नसे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांत संपे आणि बारा इंची तबकडी साडेचार मिनिटांच्या आसपास. त्यानंतर कोणीतरी उठून सुई उचलायची, तबकडी उलटायची किंवा बदलायची आणि सुई पुन्हा कडेला टेकवायची, हे सोपस्कार दर वेळी ठरलेले असत. ज्या संगीताची बांधणीच तीन मिनिटांच्या मापात केलेली होती, त्याला या खंडाचा फारसा जाच होत नसे. मराठी नाट्यपदे, भावगीते, मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्याच अवधीत मांडलेले राग, ही सारी एका बाजूवर आरंभापासून अखेरपर्यंत पुरी होत. युरोपातील दीर्घ वाद्यवृंदरचनांचे मात्र तसे नव्हते. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी साधारणपणे चार तबकड्यांच्या आठ बाजूंवर विभागलेली असे, आणि ती घरी बसून ऐकू पाहणाऱ्याला मधे सात वेळा उठावे लागे.

हे उठणे वाचवणारे यंत्र करता येईल का, हा प्रश्न १९२० च्या दशकात अनेक कारागिरांनी हाती घेतला. माणसाचा हात हे काम काही सेकंदांत आणि फारसा विचार न करता करतो, त्यामुळे यंत्रालाही ते सहज जमावे असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात नवी तबकडी टर्नटेबलवर आणून ठेवण्याचे काम तुलनेने लवकर सुटले. वाजून झालेली तबकडी तिथून उचलण्याचे काम मात्र इतके अवघड ठरले, की या यंत्रांचा पुढचा सगळा इतिहास त्या एका अडचणीभोवती फिरत राहिला.

अडचण नेमकी कोणती

खाली ठेवण्याच्या कामात गुरुत्वाकर्षण यंत्राच्या बाजूने असते. तबकडी वर कुठेतरी तोलून धरली आणि आधार काढून घेतला, की ती आपल्या वजनाने खाली येते. यंत्राला करावे लागते ते एवढेच, की आधार योग्य वेळी सुटला पाहिजे. उचलताना तेच वजन विरुद्ध बाजूला जाते. बारा इंची लाखेची तबकडी ३०० ग्रॅमच्या पुढे भरे, शिवाय ती सपाट, गुळगुळीत आणि ठिसूळ. तिच्या पृष्ठभागावर कुठेही पकड घेता येत नाही, कारण कडेपासून मधल्या लेबलापर्यंत सगळीकडे ध्वनीचे नाजूक चर असतात आणि त्यांना टणक वस्तूचा स्पर्श झाला तर ओरखडा पडून ते कायमचे खराब होतात. स्पर्श करायला मोकळी अशी जागा दोनच : बाहेरची कड आणि लेबलाचा भाग.

तव्यावरची भाकरी उलथण्याने उचलता येते, कारण तवा भाकरीपेक्षा मोठा असतो आणि उलथणे कडेने खाली सरकवायला वाव मिळतो. भाकरी तव्याएवढीच असती आणि तव्याच्या मधोमध भाकरीला आरपार भेदणारा खिळा असता, तर तीच गोष्ट किती कठीण झाली असती याची कल्पना केली, म्हणजे रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्रापुढचा पेच लक्षात येतो.

यातला खिळा, म्हणजे टर्नटेबलच्या मध्यावरची खुंटी, ही खरी खोड. तबकडीच्या मधल्या छिद्राचा व्यास सुमारे सव्वासात मिलिमीटर असतो आणि खुंटी त्याहून अगदी किंचित बारीक असते. हे माप मुद्दाम घट्ट ठेवलेले असते, कारण छिद्र सैल असले तर तबकडी मध्यापासून ढळून फिरते आणि सूर वरखाली डोलू लागतो. पण या घट्टपणामुळे तबकडी एका बाजूने उचलू गेले, की ती कलते, छिद्राच्या दोन्ही कडा खुंटीवर तिरप्या अडकतात आणि तबकडी जागीच आवळली जाते. जोर लावला तर छिद्राची कड झिजते किंवा लाखेचा टवका उडतो. म्हणून खुंटीचे टोक पूर्ण सुटेपर्यंत तबकडी सगळ्या बाजूंनी सारखी आणि सरळ वर गेली पाहिजे. माणूस दोन्ही तळव्यांनी कड धरून नेमके हेच करतो, आणि अडकल्याचे बोटांना जाणवताच हात आपोआप सैल सोडतो. यंत्राला ती जाणीव नसते. त्याची वाटच अशी आखावी लागते, की अडकण्याचा प्रसंगच येऊ नये.

कड्यावर उचललेली रेकॉर्ड

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील होबार्ट येथील एरिक वॉटरवर्थ यांनी १९२५ साली रेकॉर्डी आपोआप बदलणारे यंत्र तयार केले. पण घराघरांत विकले जाणारे म्हणून नावारूपाला आलेले पहिले यंत्र अमेरिकेतील व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीचे होते. १९२७ साली बाजारात आलेल्या या ‘ऑटोमॅटिक ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला’चा क्रमांक १०-५० असा होता आणि किंमत ६०० डॉलर. त्याच वर्षी फोर्ड कंपनीची मॉडेल-टी मोटार ४०० डॉलरच्या आत मिळत होती, यावरून हा लाकडी कपाटाएवढा डौलदार ऐवज कोणासाठी होता हे कळते.

या यंत्राने उचलण्याचा प्रश्न थेट अंगावर घेतला. टर्नटेबलचा घेर तबकडीच्या घेरापेक्षा लहान ठेवलेला असे, त्यामुळे तबकडीची कड चहूबाजूंनी थोडी बाहेर झुके. त्या झुकलेल्या कडेखाली टर्नटेबलला वेढून बसलेले धातूचे गोल कडे असे. तबकडी वाजत असताना ते खाली दबून राही, कशालाही न लागता. वादन संपले, सुई बाजूला झाली, की कडे वर येई आणि तबकडीला संपूर्ण परिघावर एकाच वेळी आधार देत खुंटीच्या टोकापलीकडे उचले. तिथवर पोचल्यावर ते एका बाजूला कले आणि तबकडी आपल्याच वजनाने घसरत शेजारच्या नमद्याचे अस्तर लावलेल्या कप्प्यात जाऊन पडे. मग रिकाम्या टर्नटेबलवर साठ्यातली पुढची तबकडी आणून सोडली जाई.

या रचनेतले शहाणपण असे, की तिने दोन हालचाली वेगळ्या ठेवल्या : आधी निव्वळ सरळ वर, आणि खुंटी सुटल्यावरच कलणे. शिवाय कड्याचा आधार परिघभर मिळत असल्यामुळे ठिसूळ तबकडीवर कुठल्याही एका ठिकाणी ताण येत नसे. तिचा कच्चा दुवा मात्र शेवटच्या टप्प्यात होता. सपाट वस्तू घसरू लागली की तिचा वेग यंत्राच्या ताब्यात राहत नाही, आणि कप्प्यात आधीच पडलेल्या तबकडीच्या चरांवर नव्याने येणारीची कड घासली जाण्याचा धोका अस्तराने पुरता जात नाही. ठिसूळ आणि महाग वस्तू जवळजवळ फेकूनच देणारी ही पद्धत होती, आणि पुढच्या काळात घरगुती यंत्रांनी तिची वाट सोडली यात नवल नाही.

अमेरिकेतच इंडियाना राज्यातील केपहार्ट कंपनीने याहून पुढची मजल मारली. राल्फ अर्ब यांच्या रचनेवर आधारलेली केपहार्टची यंत्रे तबकडी उचलत, उलटत आणि तिची दुसरी बाजूही वाजवत. एका वेळी वीस तबकड्यांच्या दोन्ही बाजू, म्हणजे चाळीस बाजू, माणसाचा हात न लागता पुऱ्या होत. यांत्रिक कसबाच्या दृष्टीने घरगुती यंत्रांत याला जोड सापडणे कठीण. पण इतके सगळे हलणारे भाग सतत जुळून राहावेत, यासाठी लागणारी अचूकता आणि देखभाल श्रीमंत घरांनाच परवडणारी होती. कंपनीचे संस्थापक होमर केपहार्ट पुढे १९४५ ते १९६३ या काळात अमेरिकी सिनेटचे सदस्य होते. मात्र त्याआधी त्यांच्या हातून ज्यूकबॉक्सच्या, म्हणजे नाणे टाकून गाणे वाजवणाऱ्या यंत्राच्या, इतिहासाला जे वळण मिळाले त्याकडे थोडे पुढे यायचे आहे.

रेकॉर्ड संपली हे यंत्राला कसे समजते

उचलायचे कसे यापेक्षा कधी उचलायचे, हा प्रश्न कमी महत्त्वाचा नाही. तबकड्यांची लांबी सारखी नसते. एखादे गाणे लेबलाच्या अगदी जवळ संपते, एखादे बरेच आधी. त्यामुळे सुई अमुक एका जागी पोचली म्हणजे वादन संपले, असा ठोकळ नियम पुरा पडत नाही. यावर रूढ झालेला उपाय सुईच्या जागेऐवजी तिच्या वेगाकडे पाहतो.

७८ फेऱ्यांच्या तबकडीवर चर इतके जवळजवळ असतात, की एका फेऱ्यात सुई सुमारे पाव मिलिमीटरच आत सरकते. तीन मिनिटांत २३४ फेरे होतात आणि त्यांत सुई सहा सेंटिमीटरांच्या जरा अलीकडे थांबते. गाणे संपल्यानंतर मात्र निर्माते एक वेगळा, झपाट्याने आत वळणारा चर कोरून ठेवतात आणि त्यात शिरलेली सुई एकाच फेऱ्यात कित्येक मिलिमीटर आत ओढली जाते. संगीत चालू असताना असा वेग कधीच येत नाही, म्हणून संपल्याची ही खूण बिनचूक असते.

ती ओळखणारी रचना टर्नटेबलच्या खाली, न दिसणाऱ्या जागी असते आणि ती जवळून पाहण्याजोगी आहे. सुई धरणाऱ्या हाताच्या आसाला खालच्या बाजूने एक हलकी तरफ जोडलेली असते. ही तरफ नखाएवढ्या छोट्या पट्टीला टर्नटेबलच्या मध्याकडे ढकलत राहते, पण दोघींमधला जोड पक्का नसून निव्वळ घर्षणाचा, म्हणजे थोडा जोर पडताच घसरणारा असतो. टर्नटेबलच्या तुंब्यावर एक बारीक उंचवटा असतो आणि दर फेऱ्याला तो पट्टीपाशी येतो. गाणे चालू असताना पट्टी त्या फेऱ्यात केसभरच पुढे आलेली असते, त्यामुळे उंचवट्याची तिरपी बाजू तिला हलकेच मागे लोटते, जोड घसरतो आणि काहीही घडत नाही. दोनशेहून अधिक वेळा हा प्रकार शांतपणे चालतो. अखेरच्या चरात सुई वेगाने आत जाते, पट्टी एकाच फेऱ्यात बरीच पुढे सरकते, आणि या खेपेस उंचवटा तिला बाजूला लोटण्याऐवजी समोरासमोर धडकून आपल्याबरोबर ओढून नेतो.

ही पट्टी एका मोठ्या दातेरी चक्रावर बसवलेली असते. त्या चक्राच्या परिघावर एका जागी मुद्दाम दाते ठेवलेले नसतात आणि एरवी ती बोडकी जागाच तुंब्याच्या लहान दातेरी चाकासमोर असते, त्यामुळे टर्नटेबल फिरत असूनही मोठे चक्र स्थिर राहते. पट्टी ओढली जाताच चक्र किंचित हलते, त्याचे दाते तुंब्याच्या दात्यांत शिरतात आणि टर्नटेबल फिरवणारी तीच मोटर आता चक्रालाही फिरवू लागते. एक पूर्ण फेरा झाला की बोडकी जागा पुन्हा समोर येते, दाते सुटतात आणि चक्र आपोआप थांबते. या एका फेऱ्यात चक्राला जोडलेले कॅम, म्हणजे ज्यांचा घेर सगळीकडे सारखा नसतो असे चकत्यांसारखे भाग, आपल्यावर टेकलेल्या तरफांना ठरलेल्या क्रमाने हलवतात : आधी सुई वर, मग हात बाहेर, मग रेकॉर्डची अदलाबदल, मग हात पुन्हा आत आणि शेवटी सुई खाली. हा क्रम एकाच चक्रावर कोरलेला असल्यामुळे तो कधी उलटसुलट होऊ शकत नाही. हात बाहेर जाण्याआधी तबकडी हलली असती तर सुई आणि चर दोन्हींचे नुकसान झाले असते. ते टाळण्याची हमी कोणाच्या लक्ष देण्यावर अवलंबून न ठेवता धातूच्या आकारात घालून ठेवलेली आहे. स्वतंत्र विद्युत नियंत्रण नाही, दुसरी मोटर नाही, आणि तरीही यंत्राला ‘संपले’ आणि ‘चालू आहे’ यांतला फरक कळतो. साध्या घर्षणाचा इतका नेमका उपयोग यंत्रशास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिसतो.

उचलणेच टाळणारी युक्ती

उचलण्याच्या अडचणीवरचा सर्वांत यशस्वी तोडगा हा होता, की वाजलेली तबकडी उचलूच नये. तिला टर्नटेबलवरच राहू द्यावे आणि पुढची तबकडी तिच्या अंगावर पाडावी. १९३० च्या दशकापासून इंग्लंडमधील गॅरार्ड आणि नंतर बीएसआर यांसारख्या कंपन्यांनी लाखो घरांत पोचवलेली यंत्रे याच तत्त्वावर चालत, आणि भारतातील सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत दिसणाऱ्या रेडिओग्राममधला, म्हणजे रेडिओ आणि टर्नटेबल एकत्र असलेल्या कपाटातला, रेकॉर्ड चेंजर बहुधा याच जातीचा असे.

या प्रकारात खुंटी उंच असते आणि तिच्या वरच्या भागात एक पायरी असते. सहा-आठ तबकड्यांची चळत या पायरीवर टेकते आणि बाजूने एक आडवा हात तिला तोलून धरतो. पायरीपाशी एक छोटी कळ असते. चक्राच्या फेऱ्यात ती पुढे येते आणि सर्वांत खालच्या तबकडीला छिद्राच्या आतल्या कडेने ढकलून पायरीवरून सरकवते. ढकलणारा भाग एका तबकडीच्या जाडीपेक्षा उंच नसल्याने दुसरी तबकडी जागची हलत नाही. सुटलेली तबकडी खुंटीवरून खाली येते, आणि येताना तिच्याखाली कोंडलेली हवा कडेने बाहेर निसटायला थोडा वेळ घेत असल्यामुळे ती आदळत नाही, बऱ्यापैकी अलगद टेकते. तबकडी टर्नटेबलएवढीच रुंद असल्याने एरवी उचलण्याला अडथळा करणारा तिचा सपाटपणा इथे उतरताना उपयोगी पडतो, ही या रचनेतली फार देखणी गोष्ट आहे.

तोटे अर्थातच होते. चळत वाढत गेली की वरच्या तबकडीची उंची वाढते, पण सुईचा हात ज्या आसावर फिरतो त्याची उंची तीच राहते. दहा तबकड्यांचा थर दोन सेंटिमीटरच्या वर जातो आणि वीसएक सेंटिमीटर लांबीच्या हातासाठी त्याचा अर्थ सुईचा कोन सुमारे सहा अंशांनी बदलणे असा होतो. लाखेच्या दहा-बारा तबकड्यांचे वजन तीन किलोच्या पुढे जाई आणि मोटरवर ताण येई. तबकडीवर तबकडी घसरली तर सूर डळमळे. १९४८ साली कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादिका, म्हणजे एलपी, आणल्यावर चर आणखी बारीक झाले आणि ते एकमेकांवर घासले जाण्याची चिंता वाढली. म्हणून पुढे अनेक एलपींची कड आणि लेबलाचा भाग मुद्दाम थोडा जाड ठेवला जाऊ लागला, जेणेकरून चळतीतही चरांचा चरांना स्पर्श होऊ नये. आवाजाच्या शुद्धतेविषयी आग्रही असणाऱ्या श्रोत्यांनी तरीही चेंजरला जवळ केले नाही, आणि त्यांची हरकत रास्त होती. पण सलग संगीत मिळण्याचे सुख ज्यांना हवे होते त्यांची संख्या कितीतरी मोठी होती.

> चौकट : बाजूंचा क्रम यंत्राने ठरवला
>
> चार तबकड्यांच्या आठ बाजूंचा संच हाताने वाजवायचा असेल, तर पहिल्या तबकडीवर बाजू १ आणि २, दुसरीवर ३ आणि ४, असा क्रम सोयीचा असतो. चेंजरला हा क्रम चालत नाही, कारण तो सगळ्या तबकड्यांची एकच बाजू वाजवून घेतो आणि मग पूर्ण चळत एकदाच उलटावी लागते.
>
> तबकड्या एकीवर एक पाडणाऱ्या यंत्रात चळत उलटल्यावर शेवटची तबकडी सर्वांत खाली येते आणि तीच आधी पडते. म्हणून अशा संचांत बाजू १ च्या पाठीवर ८, २ च्या पाठीवर ७, ३ च्या पाठीवर ६ आणि ४ च्या पाठीवर ५ छापत.
>
> वाजलेली तबकडी बाजूला सरकवून वरच्या साठ्यातून पुढची घेणाऱ्या यंत्रात मात्र कप्प्यातली चळत उलटली की पहिलीच तबकडी पुन्हा वर येते. त्यासाठी १ च्या पाठीवर ५, २ च्या पाठीवर ६, असा तिसरा क्रम लागे. आरसीए व्हिक्टर कंपनी एकच संच या तिन्ही क्रमांत विकत असे आणि क्रमांकाआधीची ‘एम’, ‘एएम’ व ‘डीएम’ ही अक्षरे अनुक्रमे हाताने, सरकवून आणि पाडून वाजवण्याचे संच दाखवत.

जुन्या बाजारात एखाद्या पाश्चात्त्य संगीताच्या संचातील एलपीवर बाजू १ आणि ६ एकत्र दिसल्या तर ती छापण्याची चूक नसून चेंजरसाठी केलेली सोय आहे, हे यावरून उमगेल.

ज्यूकबॉक्स : रेकॉर्ड नव्हे, टर्नटेबल हलते

पाडण्याची युक्ती घरात चालली. सार्वजनिक ठिकाणी ती निरुपयोगी होती. नाणे टाकणाऱ्या ग्राहकाला चळतीत पुढे येईल ते गाणे नको असते, त्याला स्वतः निवडलेले हवे असते, आणि त्याच्यानंतरच्या ग्राहकाला कदाचित तेच पुन्हा. म्हणजे वाजलेली तबकडी दर वेळी तिच्या मूळ जागी परत गेलीच पाहिजे. घरगुती यंत्रांनी टाळलेला उचलण्याचा प्रश्न ज्यूकबॉक्सला टाळता येण्याजोगा नव्हता, आणि त्याची सर्वांत सुंदर उत्तरेही म्हणूनच तिथे सापडतात.

होमर केपहार्ट १९३३ साली वुर्लिट्झर कंपनीत गेले तेव्हा त्यांनी ‘सिंप्लेक्स’ नावाची यंत्ररचना बरोबर नेली. तिच्यात प्रत्येक तबकडीला स्वतःचे ताट असते, पण हे ताट मधे पूर्ण मोकळे, म्हणजे खरे तर एक रुंद कडेच असते. सगळी ताटे एका खांबाभोवती एकावर एक रचलेली असतात. निवड झाली की तेवढे एकच ताट खांबाभोवती फिरून बाहेर येते आणि आपली तबकडी टर्नटेबलच्या बरोबर वर आणून थांबते. आता हलते ते टर्नटेबल. ते खालून वर येते, ताटाच्या मोकळ्या भागातून आरपार जाते, खुंटीचे निमुळते टोक छिद्रात शिरून तबकडीला मध्यावर आणते, आणि टर्नटेबल तिला ताटावरून उचलून तसेच वर सुईपर्यंत नेते. गाणे संपले की टर्नटेबल खाली जाते. ताट वाटेत असल्यामुळे तबकडी त्यावर टेकून राहते, खुंटी छिद्रातून खाली निसटते, आणि ताट फिरून आपल्या जागी परत जाते.

तबकडी टर्नटेबलवरून काढण्याची जेवढी म्हणून यंत्रे झाली त्यांत ही रचना सर्वांत समजूतदार म्हटली पाहिजे. व्हिक्टरच्या यंत्रात कडे हलत होते आणि टर्नटेबल स्थिर होते. इथे कडे स्थिर राहते आणि टर्नटेबल खाली सरते. सापेक्ष हालचाल तीच, म्हणजे कडेने आधार देत सरळ वर काढून घेणे. पण तबकडी कलत नाही, घसरत नाही, कुठे पडत नाही. ती फक्त एका आधारावरून दुसऱ्या आधारावर सोपवली जाते आणि या सगळ्यात तिच्या वाजणाऱ्या चरांना सुईखेरीज कशाचाही स्पर्श होत नाही. या यंत्राचे काम लोकांना दिसावे म्हणून ज्यूकबॉक्सच्या दर्शनी भागाला काच असे, आणि गाण्याइतकीच ती हालचाल पाहायलाही माणसे उभी राहत. १९४६ साली आलेल्या वुर्लिट्झर १०१५ या नमुन्यात अशी चोवीस ताटे होती आणि त्याची ५६,००० हून अधिक यंत्रे तयार झाली.

सिंप्लेक्सची मर्यादा उघड होती : ताटात तबकडी जशी ठेवली तशीच ती वाजणार, म्हणजे चोवीस तबकड्यांची चोवीसच गाणी. मिशिगनमधील एएमआय कंपनीच्या यंत्रांनी १९२७ पासूनच तबकडी उलटण्याची सोय केली होती आणि दहा तबकड्यांतून वीस गाणी मिळत होती. मोठी उडी मात्र शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस घेतली. त्यांनी तबकड्या आडव्या ठेवणेच सोडून दिले. पन्नास तबकड्या एका ओळीत उभ्या, कडेवर टेकलेल्या असत. त्यांच्यासमोर रुळावरून एक गाडा सरकत जाई, निवडलेल्या तबकडीपाशी थांबे, तिला आपल्याकडे घेऊन मध्यावर दाबून धरी आणि उभीच फिरवी. तबकडी सपाट पडलेलीच नसल्यामुळे तिच्याखाली हात घालण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि दोन्ही बाजू मोकळ्या असल्याने डावीकडून किंवा उजवीकडून सुई लावता येऊ लागली. दुसऱ्या बाजूने पाहिले तर फिरण्याची दिशा उलटी दिसते, त्यामुळे बाजू बदलली की फिरण्याची दिशाही बदलावी लागे. एवढ्या बदलाने पन्नास तबकड्यांची शंभर गाणी झाली. मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांतही ज्यूकबॉक्स होते, आणि चहा-ब्रूनमस्काबरोबर नाणे टाकून गाणे निवडण्याची हौस शहरातल्या एका पिढीने तिथे भागवून घेतली.

मोठ्या छिद्राची रेकॉर्ड

१९४९ साली आरसीए व्हिक्टरने मिनिटाला ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आणली, आणि तिच्यात प्रथमच यंत्राच्या गरजेप्रमाणे तबकडी घडवलेली दिसते. तिचे छिद्र ३८ मिलिमीटरचे, म्हणजे नेहमीच्या पाचपट रुंद. कारण साधे होते : छिद्र मोठे तर खुंटी जाड, आणि खुंटी जाड तर चळत तोलण्याची व सोडण्याची सगळी यंत्रणा तिच्या पोटातच मावते. तबकडीचा मध्यभाग कडेपेक्षा जाड ठेवला होता, त्यामुळे दोन तबकड्यांच्या छिद्रांपाशी फट राही आणि खुंटीतून बाहेर येणारी पाती त्या फटीत शिरून वरची चळत तोलून धरत, तर खालच्या एका तबकडीचा आधार तेवढ्यात सुटे. बाजूचे खांब नकोत, आडवा हात नको.

जुन्या यंत्राची निगा

असे चेंजर आजही अनेक घरांत माळ्यावर पडून असतात, आणि बिघाड बहुधा मोटरचा नसतो. कित्येक दशकांत आतले ग्रीस वाळून गोंदासारखे चिकट झालेले असते. सुईच्या वेगावर नजर ठेवणारी जी पट्टी वर सांगितली, तिचा घर्षणाचा जोड अशा ग्रीसने घट्ट झाला, तर उंचवट्याने मागे लोटूनही तो घसरत नाही आणि यंत्र गाण्याच्या मध्येच रेकॉर्ड बदलू लागते. उलट त्या जोडावर कोणी तेल सोडले असेल तर तो इतका सैल होतो, की अखेरचा चर येऊनही पट्टी पुढे सरकत नाही आणि सुई लेबलापाशी घिरट्या घालत राहते. दोन्ही तक्रारींवर उपाय एकच : जुने ग्रीस पूर्ण पुसून काढणे आणि तो जोड कोरडा ठेवणे. मोटरची गती टर्नटेबलला देणारे रबरी चाक कडक झाले असेल तर ते बदलावे लागते, कारण रेकॉर्ड बदलतानाचा जादा भार त्याला पेलत नाही.

पुसण्यासाठी स्पिरिट उत्तम, मात्र ते वापरताना लाखेच्या रेकॉर्डी त्या टेबलावरून आधी उचलून ठेवाव्यात. बहुतांशी भारतातल्या जंगलांतून गेलेल्या लाखेपासून बनलेल्या या तबकड्या पाण्याला दाद देत नाहीत, पण स्पिरिटमध्ये लाख विरघळते, आणि एका थेंबाने त्या जागचे चर कायमचे नाहीसे होतात.